भरण आणि अंश

अवयवदानाचा विचार मराठीत धर्माच्या भाषेत मांडला जातो तेव्हा तो बहुतेक वेळा देणाऱ्याच्या बाजूने मांडला जातो. दधीचीने देवांना आपल्या अस्थी दिल्या, शिबीने शरण आलेल्या कबुतरासाठी आपले मांस तराजूत टाकले, या कथा अवयवदानाच्या व्याख्यानांतून वारंवार येतात आणि त्यागाचे मोल श्रोत्यांच्या मनावर ठसवून जातात. ज्याच्या देहात तो अवयव जायचा, त्याची चौकशी या कथा करीत नाहीत. धर्मशास्त्राने मात्र ही चौकशी टाळलेली नव्हती. दान सात्त्विक ठरायचे तर ते योग्य देशी, योग्य काळी आणि योग्य पात्री पडले पाहिजे, असा गीतेच्या सतराव्या अध्यायातील विचार आहे, आणि ‘सत्पात्री दान’ हा शब्दप्रयोग तर घरोघरी रुळलेला आहे. पात्र म्हणजे भांडे आणि पात्र म्हणजे लायक माणूस, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत असल्यामुळे, गळके भांडे जसे दूध ठेवण्यास निरुपयोगी तसा अमुक माणूस दान ठेवण्यास निरुपयोगी, हा निष्कर्ष नकळत निघून जातो. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या, म्हणजे ज्याची आकलनाची व रोजचे व्यवहार सांभाळण्याची शक्ती जन्मापासून किंवा बालपणापासून मर्यादित आहे अशा माणसाला मूत्रपिंड द्यावे की नाही, हा प्रश्न वैद्यकाच्या भाषेत विचारला गेला तरी त्याच्या तळाशी हा पात्रतेचा जुना प्रश्न असतो.

भारतीय कायद्याने या प्रश्नाचे अर्धेच उत्तर दिले आहे. 1994 साली संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली आणि महाराष्ट्रात मोठा क्षोभ उसळला. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. पण ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या देहावर इतरांचा हात किती सहज पडतो, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले होते. पुढे 2011च्या दुरुस्तीने प्रत्यारोपण कायद्याच्या नवव्या कलमात एक पोटकलम घातले गेले, त्यानुसार मानसिक आजार किंवा बौद्धिक दिव्यांगता असलेल्या व्यक्तीचा अवयव तिच्या हयातीत प्रत्यारोपणासाठी काढता येत नाही. दिव्यांग मनुष्य या कायद्यात असा दाता म्हणून येतो, ज्याला लुटीपासून वाचवायचे आहे. अवयवाची गरज असलेला माणूस म्हणून तो कायद्यात कोठेही नावाने येत नाही.

धर्मशास्त्राच्या इतिहासात याचे जवळचे साम्य आढळते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या धर्मकोशाच्या व्यवहारकांडात दायविभागाची, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीची, स्मृतिवचने व त्यांवरील टीका एकत्र केलेल्या आहेत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड, मूक आणि इंद्रियहीन अशा पुरुषांना ‘अनंश’ म्हटले आहे, म्हणजे त्यांना वाट्याचा हक्क नाही. परंतु लगोलग असेही सांगितले आहे की त्यांना यथाशक्ती अन्नवस्त्र दिलेच पाहिजे आणि जो देणार नाही तो पतित होय. भरण आहे, अंश नाही, अशी ही व्यवस्था होती. तिला निव्वळ क्रूर म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पोसण्याचे कर्तव्य तिने घरावर सक्तीने घातले होते. तिचा दोष वेगळ्या ठिकाणी आहे. अशा माणसाला जगवावे, पण त्याच्या हाती काही सोपवू नये, असे ती मानीत होती. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा या टीकेत एवढी सवलत आहे की औषधोपचाराने दोष दूर झाल्यास त्याला वाटा मिळावा. अर्थात माणूस आधी बरा व्हावा, मगच वारस ठरावा. ही अपात्रता 1928च्या कायद्याने बरीचशी काढली, तरी जन्मजात वेड व जडत्व यांचा अपवाद शिल्लक ठेवला, आणि तो अपवाद जाण्यासाठी 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे अठ्ठाविसावे कलम यावे लागले.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या दिव्यांग रुग्णाच्या बाबतीत भरण आणि अंश यांची ही फारकत पुन्हा दिसू शकते. डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणे, हे आठवड्यातून दोन-तीनदा घालावयाचे भरण आहे; प्रत्यारोपण हा अंश आहे, कारण त्यात समाजाच्या अत्यंत दुर्मिळ ठेव्यातील एक वस्तू कायमची त्या माणसाच्या स्वाधीन होते. पहिले देताना फारसे कोणी पात्रता विचारीत नाही. दुसऱ्याच्या वेळी प्रश्न सुरू होतात: हा गोळ्या वेळेवर घेईल काय, याला पथ्य कळेल काय, याच्या जगण्यात भर ती काय पडणार? (एके काळी भरणासाठीही पात्रता पाहिली जात असे. 1960च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील सिएटल शहरात यंत्रे थोडी आणि रुग्ण फार अशी स्थिती असताना, कोणाला डायलिसिस द्यावे हे ठरवणारी सामान्य नागरिकांची समिती वैवाहिक स्थिती, मिळकत आणि चर्चमधील सहभाग यांचाही विचार करीत होती. यंत्रे वाढली आणि ती पात्रता विरून गेली, यावरून ती मुळात कशाची होती ते कळते.)

वरील तीन प्रश्नांपैकी तिसरा सर्वांत धोक्याचा आहे, कारण तो वैद्यकीय प्रश्न नाही. अवयव किती काळ टिकेल हे वैद्य सांगू शकतो. ज्याच्या देहात तो टिकेल त्याचे जगणे किती मोलाचे, हे सांगण्याचे कोणतेही शास्त्र त्याच्यापाशी नाही. कर्मसिद्धान्ताचा आधार घेऊन या प्रश्नाला उत्तर देण्याची सवय समाजात अजून आहे: व्यंग हे पूर्वकर्माचे फळ, तेव्हा ते भोगूनच संपवावे. परंतु हा युक्तिवाद खरा मानला तर मधुमेहाने मूत्रपिंडे गमावलेल्या बुद्धिमान गृहस्थाचा आजारही कर्मफळच ठरेल आणि कोणावरच उपचार करता येणार नाहीत. दुःख का आले याचे उत्तर देणारा सिद्धान्त, शेजाऱ्याने काय करावे याचा निवाडा करण्यासाठी वापरला की तो सिद्धान्त राहत नाही, सबब होते.

पहिले दोन प्रश्न मात्र खरे आहेत. प्रत्यारोपणानंतर शरीराने परका अवयव झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर, ठरल्या वेळी घ्यावी लागतात आणि त्यात हयगय झाल्यास मूत्रपिंड वाया जाते. अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या सँड्रा जेन्सन या स्त्रीला हृदय व फुप्फुस देण्यास दोन नामवंत संस्थांनी नकार दिला तो हेच कारण पुढे करून; लोकांच्या दडपणानंतर जानेवारी 1996मध्ये त्यांपैकीच एका, स्टॅनफर्डच्या, रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी केवळ दिव्यांगतेच्या कारणावरून प्रत्यारोपण नाकारण्यास बंदी करणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला. औषध घेण्याची क्षमता एकट्या व्यक्तीच्या मेंदूत शोधायची की तिच्या सभोवतीच्या माणसांसह मोजायची, हा त्या वादाचा गाभा होता. सातारा-सांगलीच्या घरांना हा वाद थोडा विचित्रच वाटावा. येथे आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सून काढून ठेवते, वडिलांचे इन्सुलिन मुलगा टोचतो, आणि त्यावरून आजोबा अपात्र आहेत असे कोणी म्हणत नाही. मग हीच मदत दिव्यांग मुलाला लागते म्हणून तो अपात्र कसा ठरतो?

भारतात याला थेट उत्तर देणारे प्रत्यारोपणविषयक कलम नाही, पण 2016चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे दिव्यांगतेच्या आधारावर भेदभाव करता येत नाही. अपवाद एवढाच की केलेली कृती न्याय्य उद्दिष्टासाठी होती आणि त्या उद्दिष्टाला प्रमाणशीर होती, हे दाखवून देता आले पाहिजे. दुर्मिळ अवयव वाया जाऊ नये हे उद्दिष्ट न्याय्य आहे यात शंका नाही. परंतु प्रमाणशीरपणाची कसोटी लावायची तर, घरचा आधार, औषधे देणारी व्यक्ती, सोप्या भाषेत समजावून सांगण्याची सोय, हे सर्व आधी तपासावे लागते, आणि ते न तपासता रोगनिदानाच्या नावावरूनच दिलेला नकार या कसोटीवर टिकू नये. त्याच कायद्यात ‘वाजवी सोयीसुविधा’ अशी कल्पना आहे: इतरांबरोबरीने हक्क भोगता यावा म्हणून अवाजवी बोजा न पडता करावयाचा आवश्यक बदल.

येथे आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते. भारतात बहुतेक मूत्रपिंडे मेंदूमृत व्यक्तींकडून नव्हे, जिवंत नातेवाइकांकडून येतात. साताऱ्याचा किंवा सांगलीचा रुग्ण मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीवर असेल तर पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्राच्या यादीत त्याच्या पुढेमागे इतर माणसे उभी असतात, आणि एकाला देणे म्हणजे दुसऱ्याला थांबवणे हा पेच खरा असतो. परंतु आई आपल्या मुलाला मूत्रपिंड देत असेल तेव्हा रांगच नसते. तो अवयव दुसऱ्या कोणाला मिळणार नव्हता. तेव्हा ‘अधिक उपयोग होईल अशाला द्यावा’ हा उपयुक्ततेचा युक्तिवाद तेथे हवेत विरतो, आणि तरीही संकोच शिल्लक राहिला तर तो टंचाईचा नव्हता असे म्हणावे लागते. तेथे उरणारी अडचण वेगळी आणि अवघड आहे: जी आई दाता आहे तीच औषधांचा डबा सांभाळणारी आहे, तिचे वय वाढणार आहे, आणि कराड-मिरजेच्या दवाखान्यांपर्यंतची किंवा पुण्यापर्यंतची फेरी तिलाच करायची आहे. राज्याची जनआरोग्य योजना शस्त्रक्रियेचा भार उचलते. आईच्या पश्चात डबा कोण भरील याची तरतूद कोणत्याही योजनेत नाही.

पात्रतेच्या विचाराला धर्मपरंपरेनेच एक मोठा अपवाद सांगितला आहे आणि तो अन्नदानाचा आहे. विद्या देताना, कन्या देताना पात्र पाहावे, अन्न देताना मात्र भूक एवढीच पात्रता. मूत्रपिंड हे अन्नासारखे की विद्येसारखे? गरज पाहिली तर ते अन्नाच्या जवळचे आहे. पण अन्न वाटून खाता येते, मूत्रपिंड वाटता येत नाही, म्हणून अपवाद जसाच्या तसा लागू करता येत नाही. टंचाई असेल तेथे निवड करावीच लागेल, आणि ती रक्तगट, ऊतींची जुळणी, वाट पाहिलेला काळ व देहाची सोसण्याची ताकद यांवरून होईल. अन्नदानाच्या विचाराने एवढेच साधते की या कसोट्यांच्या मागून कुल, शील, बुद्धी यांची जुनी पात्रता आत शिरू लागली तर ती ओळखू येते.

वारकरी परंपरेतील कूर्मदासाची कथा या संदर्भात वेगळ्या अर्थाने वाचता येते. हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून सरपटत पंढरीकडे निघाला आणि लऊळपर्यंत पोहोचून थकला, तेव्हा विठ्ठलच त्याच्या भेटीला तेथे गेला. कीर्तनकार ही कथा भक्तीच्या थोरवीसाठी सांगतात, आणि लोणंद-फलटणच्या वाटेने पालखीबरोबर चालणारे लाखो वारकरी ती तशीच ऐकतात. परंतु त्या कथेत देवाने भक्ताला आधी पाय दिले नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मिताक्षरेची अट अशी होती की दोष गेल्यावर वाटा मिळेल. कूर्मदासाला भेट मिळाली ती दोष तसाच असताना, आणि अंतर कापण्याचे काम ज्याला ते शक्य होते त्याच्याकडे गेले.

मात्र ही सारी चर्चा दिव्यांगाला घेणारा म्हणूनच पाहते, आणि प्रत्यारोपण कायद्याच्या नवव्या कलमातील बंदी दुसऱ्या बाजूने पुन्हा समोर येते. अज्ञान मुलाच्या अवयवदानावरील बंदीला त्याच कायद्यात नियमांनी ठरवून द्यावयाच्या अपवादाची वाट ठेवलेली आहे. मानसिक आजार किंवा बौद्धिक दिव्यांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीवरील बंदीला ती वाट नाही. दिव्यांग हक्क कायद्याचे तेरावे कलम मात्र दिव्यांगांना इतरांप्रमाणेच कायदेशीर क्षमता आहे असे मानते. आपल्या बहिणीचा आजार ज्याला समजतो, तिच्यासाठी काय द्यावे लागेल हे ज्याला चित्रे काढून समजावता येते आणि जो ते समजून होकार देतो, अशा सौम्य बौद्धिक दिव्यांगता असलेल्या भावाला हा कायदा शिरूरच्या मुलींच्या शेजारी उभे करतो. त्याला लुटीपासून वाचवताना दधीचीच्या पंक्तीतून कायमचे उठवणे योग्य आहे काय, याचा निर्णय करण्यासाठी त्याच्याशी बोलणारी एखादी समिती लागेल, आणि कायद्याने आज तरी तिला त्याच्याशी बोलण्याचे कारणच ठेवलेले नाही.