वेगळे ठेवण्यातला धर्म

दारी आलेल्या पाहुण्यास उंबरठ्याबाहेर उभे करणे आपल्याकडे असंस्कृतपणाचे लक्षण मानले गेले आहे. पाय धुवावयास पाणी, बसावयास पाट आणि मग गूळपाणी, हा क्रम आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसास खाऱ्या पाण्यातील मासे पाळणाऱ्यांची रीत विचित्र वाटल्यास नवल नाही. दूरच्या समुद्रातला एखादा नाजूक मासा मोठ्या हौसेने आणावयाचा, आणि आणल्यावर त्यास सजविलेल्या काचपेटीत न सोडता एका उघड्याबोडक्या लहान पेटीत महिनाभर एकटा ठेवावयाचा! यास पाहुणचार म्हणावे की बंदिवास? प्रश्न माशाचा आहे, एवढ्यावरून तो क्षुल्लक ठरतो असे आम्हांस वाटत नाही. एखाद्या जिवास दूर ठेवणे केव्हा धर्म होते आणि केव्हा अधर्म, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. आणि त्या प्रश्नाशी आपल्या समाजाचा संबंध जुना आहे व सर्वस्वी अभिमानास्पद नाही.

उदाहरणासाठी एकच मासा घेऊ. अंदमानच्या समुद्रापासून जपानच्या र्‍यूक्यू बेटांपर्यंत आणि दक्षिणेस ऑस्ट्रेलियापर्यंत, उथळ किनाऱ्यांवर व प्रवाळांच्या खडकांत एक वीतभर लांबीचा मासा राहतो. व्यापारात त्यास कॉपरबँड म्हणतात. शास्त्रीय नाव केल्मॉन रॉस्ट्रेटस. लिनीयसने १७५८ मध्ये त्याची नोंद केली. रुपेरी अंगावर नारिंगी रंगाचे उभे पट्टे, पाठीवरच्या पराच्या मागल्या बाजूस डोळ्याचा भास करून देणारा काळा ठिपका, आणि चिमट्यासारखे पुढे आलेले लांब तोंड. खडकांच्या फटींत दडलेले बारीक जीव याच चिमट्याने वेचून तो पोट भरतो. परंतु जे तोंड समुद्रात त्याचे साधन, तेच पेटीत त्याचे दुर्दैव होऊन बसते. समोर टाकलेले कोरडे खाद्य हे अन्न आहे, हेच पुष्कळदा त्यास उमगत नाही, आणि भरल्या पेटीत तो उपाशी मरतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतांशी माणसाने पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातले मात्र आजही बहुतेक समुद्रातून धरून आणलेले असतात. म्हणजे हा पाहुणा आपण होऊन आलेला नाही. त्यास आणलेले आहे.

येथे शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा आठवल्यावाचून राहत नाही. सकाळी हात धुवावयास आणलेल्या पाण्यात मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला आणि त्याने रक्षणाची याचना केली. लहानपणी आम्हांस मोठे मासे गिळतात, तेव्हा मला आधी घटात ठेव, तो अपुरा पडला की खड्डा खणून त्यात ठेव, आणि मी पुरेसा मोठा झालो म्हणजे समुद्रात नेऊन सोड, असे त्याने सांगितले. पुढे महापुरात त्याच माशाने मनूची नौका ओढून नेली. ही कथा आपण मत्स्यावताराची कथा म्हणून ऐकत आलो. परंतु तिच्यातला घट आणि खड्डा यांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मनूने त्या माशास वेगळे ठेवले ते त्याच्या याचनेवरून, त्याच्या रक्षणासाठी आणि तो समर्थ होईपर्यंतच. घट हे त्याचे घर नव्हते, वाटेवरचा मुक्काम होता.

काचपेटीच्या हौसेत हा क्रम उलटा होतो. मनूचा मासा घटातून समुद्राकडे गेला. आपला मासा समुद्रातून घटाकडे येतो. मनूकडे मासा शरण आला होता. आपल्या माशाने काहीच मागितलेले नसते. शरणागताचे रक्षण हा मोठा धर्म खरा, परंतु ज्यास आपण होऊन बंदी केले त्याच्या रक्षणाचे ऋण त्याहूनही जड आहे, असे आमचे मत आहे. शरणागताने निदान आपल्याला निवडलेले असते.

आता त्यास वेगळे का ठेवावयाचे ते पाहू. समुद्री माशांना क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एक सूक्ष्म परजीवी पछाडतो. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. तीन ते सात दिवस माशाच्या कातडीत व कल्ल्यांत राहून हा जीव गळून पडतो, तळाशी वा खडकावर कवच करून बसतो, आणि त्या कवचात एकाचे शेकडो होतात. ते बाहेर पडून नव्या माशाचा शोध घेतात. एकदोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. परंतु कवचातून बाहेर पडावयास कधी काही दिवस, तर कधी अनेक आठवडे लागतात. म्हणूनच एकदा मुख्य पेटीत हा रोग शिरला की जाणकार लोक सगळे मासे बाहेर काढून ती पेटी ७६ दिवस माशांवाचून ठेवतात. विस्तीर्ण समुद्रात त्या असंख्य पिलावळीतील थोड्यांनाच मासा सापडतो. चार फुटी काचपेटीत मात्र सुटका कोणासच नाही. दोष माशाचाही नाही आणि किड्याचाही नाही. आपण समुद्र लहान केला, म्हणून हे घडते.

यावर औषध आहे ते तांब्याचे. ज्या धातूच्या पळीपंचपात्रात आपण देवापुढचे तीर्थ ठेवतो, तोच धातू विशिष्ट संयुगाच्या रूपात लिटरमागे दोन-अडीच मिलिग्रॅम इतका पाण्यात ठेवला असता त्या मोकळ्या फिरणाऱ्या पिलावळीचा नाश करतो. परंतु तेच तांबे प्रवाळ, गोगलगायी आणि कोळंबी यांचाही जीव घेते. वाळू व खडक ते शोषून घेतात, त्यामुळे मात्रा राखता येत नाही. म्हणून औषधाची पेटी उघडीबोडकी असते. आडोशास प्लॅस्टिकच्या नळीचे दोनचार तुकडे, आणि मुख्य पेटीत काही आठवडे ठेवून उपयुक्त जिवाणूंनी भरलेला स्पंज, इतकाच तिचा संसार. बाहेरून पाहणाऱ्यास जो रुक्षपणा वाटतो, तो विचारपूर्वक स्वीकारलेला असतो.

परंतु खरी कसोटी येथेच आहे. तांब्याने माशाची भूक मंदावते. आणि कॉपरबँड तर मुळातच खावयास नाखूष. नियमावर बोट ठेवून पहिल्याच दिवशी औषध घातले, तर रोग टळेल आणि मासा उपाशी मरेल. दया येऊन त्यास सरळ मुख्य पेटीत सोडले, तर तो कदाचित खडकांतले किडे वेचून जगेल, पण आधीच्या दहा माशांवर मरण आणील. एकाचे हित मोठे की समूहाचे, असा हा पेच. जाणते मत्स्यपालक तो असा सोडवितात: आधी केवळ निरीक्षण, आणि आधी अन्न. जिवंत तिसऱ्या फोडून शिंपल्यासकट पेटीत ठेवतात, कारण शिंपल्यातून मांस टोचून काढणे हे त्या लांब तोंडाचे ओळखीचे काम आहे. दिवसातून तीन-चार वेळा बारीक कोळंबी देतात. मासा खाऊ लागला म्हणजे मगच औषधाचा विचार, तोही मात्रा हळूहळू वाढवीत. किंवा औषधाऐवजी दर तीन दिवसांनी त्यास स्वच्छ कोरड्या केलेल्या दुसऱ्या पेटीत हलवितात, म्हणजे गळून पडलेला परजीवी मागेच राहतो. हे पेटीचे पाणी रोज तपासावे लागते, पुष्कळदा बदलावे लागते. मुख्य पेटीतले दहा मासे मिळून जेवढे लक्ष मागत नाहीत, तेवढे हा एकटा मागतो.

घाई आणि सावकाशी यांचाही विवेक येथे लागतो. दूरवरून पिशवीत आलेल्या माशाला पेटीचे पाणी थेंबथेंब देत तासभर रुळवावे, हे ऐकावयास किती मायेचे वाटते! परंतु बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कर्बवायू साठून पाण्याची आम्लता वाढलेली असते, आणि त्या आम्लतेमुळेच साचलेला अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यापेक्षा वेगळ्या पेटीचा खारटपणा आधीच पिशवीतल्या पाण्याइतका करून ठेवावा, उष्णता जुळू द्यावी, मासा तत्काळ पेटीत घ्यावा आणि मग खारटपणा काही दिवसांत हळूहळू वाढवावा, हे अधिक हितकर. माया नुसती असून भागत नाही, तिला ज्ञानाची जोड लागते; नाहीतर ती ज्याच्यावर करावयाची त्याच्याच जिवावर उठते.

आता माशाकडून माणसाकडे वळू. रोगाच्या भयाने आलेल्यास काही काळ दूर ठेवण्याची कायदेशीर रीत युरोपात रगूसा नगराने १३७७ मध्ये घातली. आज आपण त्या नगरास डुब्रॉव्हनिक म्हणतो. मुदत होती तीस दिवसांची. पुढे चाळीस दिवसांची झाली आणि चाळीस या इटालियन अंकावरूनच क्वारंटीन हा शब्द आला. त्या कायद्यात भय होते, परंतु दिवसांची संख्याही होती. एकतिसाव्या दिवशी दार उघडावयाचे, हे दार बंद करतानाच ठरलेले होते.

आपल्याकडे काय झाले? येथेही माणसास दूर ठेवले गेले, आणि त्यास शुचितेचे नाव दिले गेले. चोखोबांसारखा भक्त देवळाच्या पायरीपाशीच राहिला. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वाराबाहेर आहे. १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे विठ्ठलाचे दार सर्वांना मोकळे झाले. या दूर ठेवण्यास दिवसांची संख्या नव्हती. कोणता रोग, हे कोणी सांगू शकत नव्हते. आणि दूर ठेवलेल्याच्या ताटात काय पडते याची चौकशी करणे, हेच विटाळाचे मानले जात होते. नाव शुचितेचे असले तरी हा अधर्मच होता, हे देवळाच्या आश्रयाने वाढलेल्या आपण सर्वांनी तरी स्पष्ट शब्दांत म्हटले पाहिजे.

कारण खरे असले, तरी रीत चुकली की धर्म बिघडतो, याचा दाखला १८९७ च्या पुण्यात मिळतो. प्लेग खरा होता, रुग्णास वेगळे ठेवणे आवश्यक होते. परंतु लष्कराचे शिपाई घराघरांत घुसून झडती घेऊ लागले, तेव्हा लोक रुग्ण लपवू लागले आणि रोग लपून पसरला. त्याच वर्षी पुण्याबाहेर मोकळ्या जागी डॉक्टर यशवंत फुले यांचा दवाखाना चालला होता. तेथेही रुग्णांना वेगळेच ठेवले जात होते. परंतु सावित्रीबाई फुले स्वतः त्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि ती करतानाच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. दोन्ही ठिकाणी विलगीकरणच; परंतु एकीकडे दूर ठेवणारा निर्धास्त होता, दुसरीकडे दूर ठेवणाराच सर्वांत जवळ होता.

म्हणून कोणासही वेगळे ठेवताना तीन गोष्टी विचाराव्यात, असे आम्हांस वाटते. कारण स्पष्ट सांगता येते काय? मुदत आधी ठरली आहे काय? आणि दूर ठेवल्यामुळे आपले कष्ट वाढले की कमी झाले? तिसरा प्रश्न सर्वांत परखड आहे, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे तोंडाने देता येतात. तिसऱ्याचे हातांनी द्यावे लागते. २०२० मध्ये घरोघरी विलगीकरण आले, तेव्हा ज्या घरांत बंद दारापाशी वेळेवर ताट पोहोचत होते आणि दाराआडून रोज चौकशी होत होती, त्या घरांनी हे उत्तर दिले.

मुदत सरली म्हणजे काम संपले असेही नाही. मुख्य पेटीतल्या जुन्या माशांनी आपापले कोपरे वाटून घेतलेले असतात, आणि नव्याच्या अंगावर ते धावून जातात. म्हणून नव्यास आधी छिद्रे असलेल्या पारदर्शक डब्यात त्याच पेटीत काही दिवस ठेवतात. एकच पाणी, एकाच वेळचे अन्न, मध्ये केवळ एक पातळ भिंत. जुन्यांचा राग ओसरला, की दिवे मंद करून, जुन्यांना आधी पोटभर खाऊ घालून, तो डबा उघडतात. काही जण खडकांची मांडणीही बदलतात, म्हणजे जागेवर कोणाचाच जुना हक्क उरत नाही. नव्याने जुळवून घ्यावे, एवढेच आपण सहसा म्हणतो. जुन्यांनीही थोडे हलावयास हवे, हे ही रीत शिकविते.

राहिला मूळचा प्रश्न: असा मासा आणावाच का? शोभेसाठी एका जिवाचा समुद्र हिरावणे समर्थनीय आहे, असे म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. ज्यास तो पाहावयाचा आहे त्याने आधी दुसरी पेटी मांडावी, तिच्यातील पाणी महिनाभर जोपासावे, रोजच्या तिसऱ्यांची सोय करावी, आणि इतके करण्याचा उत्साह टिकला तरच माशाचा विचार करावा. ज्यास ती रिकामी पेटी ओझे वाटते, त्याने देवळाच्या तळीकाठी बसून चुरमुरे टाकावेत. तेथले मासे वर येतात, खातात आणि आपल्या पाण्यात परत जातात. मनूने अखेर केले ते हेच.