पुसलेला फोटो कोणाचा?

हल्ली आपल्या धर्मग्रामातल्या कुठल्याही घरी आल्बम मागितला, तर मोबाईल हातात ठेवला जातो. बाळाचा बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार, लग्न, आजीचा अंत्यविधी, सगळे त्या एका काचेमागे. पूर्वी स्टुडिओवाला निगेटिव्ह जपून ठेवायचा. फोटो फाटला, भिजला, तर दुसरी प्रत काढून मिळायची. आता निगेटिव्ह नाही आणि बोट चुकीच्या जागी पडले की काम झाले! मग धावाधाव सुरू होते. ‘डिलीट झालेले फोटो परत येतात का हो?’

या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर आधी देऊन टाकू, कारण त्याच्या मागे दुसरा प्रश्न उभा आहे आणि तो जास्त अवघड आहे.

पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. आयफोनमध्ये तो ‘रिसेंटली डिलीटेड’ या कप्प्यात 30 दिवस राहतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो. तेव्हा पहिल्यांदा तिथे पाहावे. मग ज्यांना तो व्हॉट्सॲपवर पाठवला होता त्यांना विचारावे. मावशीच्या फोनमध्ये तो हमखास सापडतो. मुदत उलटून गेली, तर मात्र आशा फार थोडी. आजच्या फोनमधली साठवण सांकेतिक कुलपात असते आणि पुसलेली जागा फोन स्वतःच साफ करून टाकतो. ‘सगळे परत आणून देतो’ म्हणणारी पुष्कळशी ॲप्स बारीक, धूसर प्रतिमा दाखवतात आणि पैसे मागतात. मेमरी कार्डाची गोष्ट निराळी. तिथे बहुधा फोटोची फक्त नोंद पुसली जाते. नवे काही त्या जागेवर येईपर्यंत फोटो तसाच असतो. म्हणून कार्ड तत्काळ बाहेर काढावे, त्यावर एकही नवा फोटो घेऊ नये आणि जाणकाराकडून फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने शोध घ्यावा. आणखी एक. जागा कमी पडते म्हणून गूगल फोटोजमधून फोटो पुसला, तर तो फोनमधून जातो आणि खात्यातूनही जातो. फक्त फोनमधली जागा हवी असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. 1 जून 2021 पासून गूगलची अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि 15 जीबीची मर्यादा आली. तेव्हापासून जागेसाठी पुसापुशी घरोघरी चालते.

आता दुसरा प्रश्न. फोटो परत आणता येतो, पण तो आणावा का? आपल्याच हातून चुकून गेलेला आपलाच फोटो असेल, तर विचार कसला करायचा, आणावा! पण पुसणारा एक आणि परत आणणारा दुसरा असेल तर?

समजा, एका घरातला तरुण मुलगा अपघातात गेला. त्याचा फोन आईच्या हाती येतो, पासवर्ड तिला ठाऊक आहे. ठेवलेले फोटो ती रात्र रात्र पाहते. मग कोणीतरी सांगते, पुसलेलेही एका कप्प्यात आहेत आणि तिथे प्रत्येक फोटोखाली उरलेले दिवस लिहिलेले आहेत. चार दिवस उरले आहेत. काय करावे त्या माऊलीने?

तिला ‘बघू नकोस’ असे सांगणाऱ्याने आधी तिच्या जागी उभे राहून पाहावे. तिला लेकराचा आणखी एक चेहरा हवा आहे. या भुकेला डोकावण्याची हौस म्हणणे अन्याय होईल. तरीही मला वाटते की, माणसाने ठेवलेले आणि माणसाने पुसलेले यात फरक आहे. ठेवलेले तो आपल्यासाठी मागे सोडून जातो. पुसताना त्याने ‘हे नको’ असे म्हटलेले असते.

यावर कोणी म्हणेल, पुसणे म्हणजे काही मृत्युपत्र नव्हे. आणि ते खरे आहे. आपण फोटो पुसतो ते हलला म्हणून, एकासारखे दहा निघाले म्हणून, जागा भरली म्हणून, कधी रागाच्या भरात. त्या प्रत्येक पुसण्याला अखेरची इच्छा मानायचे म्हटले, तर आईपासून तिच्या मुलाचे निरागस हसू आपण नियमाच्या नावाखाली हिरावून घेऊ. म्हणून नुसत्या त्याच्या इच्छेवर हा प्रश्न सुटत नाही.

माझ्या मते तो सुटतो, तो फोटोतल्या दुसऱ्या माणसामुळे. त्या कप्प्यात एखादी मुलगी असेल, जी आज जिवंत आहे, उद्या तिचे लग्न होईल. तिने कदाचित सांगितले असेल, ‘पुसून टाक’, आणि त्याने शब्द पाळला असेल. तो शब्द त्याच्या मरणाने संपत नाही. म्हणून आईने त्याच्या एखाद्या जिवलग मित्राला बोलवावे, आधी त्याने एकट्याने पाहावे आणि जे आईचे आहे ते तिला काढून द्यावे. उरलेले चार दिवसांनी आपोआप जाईल. हा उपाय काही परिपूर्ण नाही. मित्राचेही डोळेच आहेत.

पुसलेल्यावर लोकांचा किती भरवसा असतो हे मे 2024 मध्ये दिसले. आयफोनची 17.5 ही नवी प्रणाली घेतल्यावर काही लोकांचे जुने, कधीचे पुसलेले फोटो गॅलरीत पुन्हा उगवले. नोंदवहीतला बिघाड होता. काही दिवसांतच 17.5.1 ने तो दुरुस्त झाला. पण लोक हादरले ते हरवलेले परत मिळाल्यामुळे!

पती-पत्नीमध्ये संशयापोटी एकमेकांचा ट्रॅश उपसण्याबद्दल मी फार लिहीत नाही. तिथे फोटो सापडला तरी संसार सापडत नाही.

एका बाबतीत मात्र पुसणे हेच चुकीचे ठरते. मुलीला कोणी फोटोवरून धमकावत असेल, तर ती आणि तिचे आईवडील लाजेने, भीतीने सगळे पुसून टाकतात. कृपा करून पुसू नका! तो पुरावा आहे. पुसला असेल तर मुदतीच्या आत परत आणा, नाक्यावरच्या दुकानात फोन न देता पोलिसांच्या सायबर शाखेत न्या. 1930 हा हेल्पलाइन क्रमांकही आहे. संमतीवाचून खासगी अंगाचे छायाचित्र घेणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

घरातल्या प्रश्नात मात्र कायदा फारसा शिरत नाही. 2023 च्या व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे, आपल्या माघारी तो बजावण्यासाठी कोणाला नेमण्याची सोयही आहे. पण ते कंपन्यांसाठी. घरगुती वापराला तो कायदा लागू नाही. तिथे आपणच ठरवायचे. आयफोनमध्ये डिसेंबर 2021 पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. आपल्या पश्चात ती व्यक्ती मृत्यूचा दाखला आणि आधी मिळालेली सांकेतिक किल्ली दाखवून खाते उघडू शकते. गूगलमध्येही अशी सोय 2013 पासून आहे. नाव घालायला पाच मिनिटे लागतात. कोणाचे घालायचे, यावर मात्र घरात रात्रीच्या जेवणानंतर बराच वेळ बोलावे लागेल, आणि तेव्हा मुलांनाही बसवून घ्यावे. फोन त्यांच्याकडेही आहेत.