द्रौपदीला कोणी विचारलं?



आज भागवताच्या पहिल्या स्कंधातला सातवा अध्याय वाचला. इथे पांढरकवड्यात सकाळी हायवेवरचे ट्रक जोरात सुरू व्हायच्या आत माझं वाचन उरकतं. आज मात्र अध्याय संपला तरी पोथी मिटवेना. काल रात्री पुण्याहून मावसभावाचा फोन आला होता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जानेवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनच्या दोन पोलिसांना माफी दिली, त्याबद्दल तो वाचत होता. मोपेडवरच्या वीस वर्षांच्या पोराचा पाठलाग झाला, त्यात तो पोरगा गेला, आणि कोर्टाने त्या दोघांना दोषी ठरवलं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, तू तर रोज क्षमेवर लिहितेस. मग हे चांगलंच झालं ना?"

मी "झोप आता" म्हणून फोन ठेवला. उत्तर नव्हतं माझ्याकडे. सकाळी अध्याय उघडला तर समोर अश्वत्थामा.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. झोपेत असलेल्या द्रौपदीच्या पाच मुलांना त्याने मारलं. दुर्योधन खूश होईल म्हणून मारलं, असं भागवत सांगतं. अर्जुनाने त्याला पकडला, दोरखंडाने बांधला. वाटेत खुद्द कृष्ण म्हणतो, याला सोडू नकोस, मार. अर्जुन मारत नाही. बांधलेल्या माणसाला जिवंत छावणीत आणतो आणि द्रौपदीसमोर उभा करतो. मी हा अध्याय किती वेळा वाचला असेल, पण ही वाट आजच दिसली. त्या वाटेवर काय झालं हे कोणी बघायला नव्हतं. मारून टाकला असता आणि "पळून जात होता" म्हणाला असता, तर कोण विचारणार होतं?

आपल्याकडे अशीच एक वाट आहे, वाशी ते वर्सोवा. 11 नोव्हेंबर 2006 ला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीहून उचललं आणि त्याच दिवशी वर्सोव्यात तो "चकमकीत" मारला गेला. त्याच्यावर गुन्हे होते, हे खरंच. तो साधू नव्हता. पण तो कोणासमोरच उभा राहिला नाही. त्याचा भाऊ वकील. त्याने कोर्टात वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि जुलै 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने 21 जणांना जन्मठेप दिली. त्यात 13 पोलीस होते.

पुढचा भाग भावाच्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. डिसेंबर 2015 मध्ये राज्य सरकारने त्यातल्या 11 पोलिसांची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली. तसा अधिकार कायद्यात आहे. राष्ट्रपतींना घटनेच्या कलम 72 ने, राज्यपालांना 161 ने माफीचा अधिकार आहे, आणि शिक्षा स्थगित किंवा कमी करण्याचा अधिकार फौजदारी प्रक्रिया कायदा सरकारलाही देतो. हा अधिकार वाईट नाही. कोर्टही चुकतं, आणि म्हातारा, आजारी कैदी तुरुंगातच मरावा असं कोणाला वाटेल? पण इथे वर्दी सरकारची, बंदूक सरकारची, आणि शिक्षा थांबवणारंही सरकारच. उद्या दुर्योधनाने अश्वत्थाम्याला माफ केलं असतं, तर आपण त्याला क्षमा म्हटलं असतं का?

मेलेल्याचा भाऊ पुन्हा कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. 19 मार्च 2024 ला तर याच न्यायालयाने 12 पोलिसांची शिक्षा कायम ठेवली आणि आधी सुटलेले अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही दोषी ठरवलं. शर्मांचं प्रकरण त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आता मीही सरळ बोलते. माझे मामा हवालदार होते. दिवाळीला ते घरी असल्याचं मला आठवत नाही. मामी एकटीच फराळ करायची. त्यामुळे "पोलिसांचं कोण बघतं?" हा प्रश्न मला परका नाही. त्या शिक्षा झालेल्यांच्याही घरी कोणी वाट बघत असेल. आणि गंमत म्हणजे हा विचार पोथीत कोण करतं? द्रौपदी! ती म्हणते, सोडा याला, हा गुरुपुत्र आहे, मी रडते तशी याची आई कृपी रडू नये. पाच पोरं गेलेली बाई हे म्हणते. मला तर वाचवत नाही पुढे. पण ती म्हणू शकते, कारण पोरं तिची होती. युधिष्ठिराने परस्पर मोठं मन दाखवलं असतं तर ते मोठं मन झालंच नसतं, भीम ओरडला तसं अजून चौघांनी ओरडायला हवं होतं.

वॉशिंग्टनच्या त्या पोराच्या आईला तिथे किती विचारात घेतलं, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. माझा प्रश्न मात्र तोच आहे.

आणि द्रौपदीने सोडलं म्हणून अर्जुनाने नुसतं जाऊ दिलं नाही. डोक्यावरचा मणी केसांसकट कापून काढला, मग छावणीबाहेर घालवला. जीव ठेवला, तेज काढून घेतलं. नंदुरबारकडे दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रा भरते. अश्वत्थामा त्या सातपुड्यात अजून फिरतो आणि जखमेला तेल मागतो, असं तिथली माणसं मानतात. माफ झालेल्याची जखम लोकांनी इतकी वर्षं लक्षात ठेवली आहे. आपल्याकडे मात्र माफी म्हटलं की जीवही ठेवायचा आणि मणीही, वर पुन्हा पोस्टिंग द्यायचं, असाच अर्थ घेतला जातो.

भावाला हे सगळं सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "पण ताई, तो गुंड होता ना?" मी लिहिलं, "अश्वत्थामा कोण होता?" दोन निळ्या टिका दिसतायत, अजून उत्तर नाही.

उद्या आठवा अध्याय. सोडून दिलेला अश्वत्थामा त्यात पुन्हा अस्त्र टाकतो, या वेळी उत्तरेच्या पोटातल्या बाळावर.