तीच चाल, दुसरा आवाज

१९५२ साली अमेरिकेत हँक थॉम्पसनचं 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' हे कंट्री गाणं तुफान चाललं. घर सोडून गुत्त्यांच्या झगमगाटात रमलेल्या बाईबद्दल एका पुरुषाची तक्रार. बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या कंट्री यादीत ते पंधरा आठवडे पहिलं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्याच वर्षी किटी वेल्स या तीन मुलांची आई असलेल्या गायिकेनं त्याला गाण्यातूनच जबाब दिला. रेकॉर्डिंगचे १२५ डॉलर मिळतील, एवढाच तिचा हिशेब होता. चाल तीच ठेवली. म्हणणं एवढंच, की बायका वाट चुकतात त्यामागे बाहेरख्याली नवरेही असतात. लगेच एनबीसी रेडिओनं गाणं बंद केलं. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमानंही सुरुवातीला तिला ते गाऊ दिलं नाही. सूर तेच, विषय तोच. नीतीची आठवण मात्र बाईनं तोंड उघडल्यावर झाली.

थॉम्पसनचं गाणं मला वाईट वाटत नाही. दुखावलेल्या माणसानं गाऱ्हाणं गावं, त्यात एकांगी असावं. गाणं म्हणजे काही न्यायनिवाडा नव्हे. पण जिच्यावर ठपका ठेवला, तिची पाळी आली की माइक काढून घ्यायचा, ही लबाडी आहे. (आणि हा जबाबही जे. डी. मिलर या पुरुषानंच लिहिला होता, तेव्हा सगळे पुरुष एका पारड्यात घालायची घाई नको.)

१९७५ साली कंट्री गायिका लोरेटा लिननं संततिनियमनाच्या गोळीवर गाणं काढलं. विशीतच चार लेकरं पदरी पडलेली ही बाई अनुभवाचं बोलत होती. दारू आणि परस्त्री यांवरची गाणी बिनदिक्कत वाजवणाऱ्या कित्येक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला.

पुढे बंदीची गरजच उरली नाही, धंद्याची भाषा पुरली. २०१५मध्ये कीथ हिल या रेडिओ सल्लागारानं सांगितलं, की गायिकांची गाणी कमी लावा, लागोपाठ तर नकोच. त्याच्या मते कंट्रीच्या सॅलडमध्ये पुरुष म्हणजे लेट्यूसची पानं, मुख्य ऐवज; बायका म्हणजे अधूनमधून घातलेले टोमॅटो. कारण काय, तर श्रोत्यांना, त्यातही बायकांना, पुरुषांचेच आवाज आवडतात.

पण बंदी असूनही किटी वेल्सचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. एकट्या गायिकेला हा मान बिलबोर्डच्या कंट्री यादीत प्रथमच मिळाला. लोरेटाचं गाणंही पाचवं आलं. ते श्रोत्यांनीच आणलं होतं.