थडग्याचें छायाचित्र

परक्या गांवांत पाऊल पडतांच कॅमेरा उघडावा आणि पूल, मंदिर, जुनें घर, जें जें दिसेल तें टिपून घ्यावें, ही प्रवाशांची संवय आतां इतकी सार्वत्रिक झाली आहे कीं, तींत विचार करण्याजोगें कांहीं आहे असें कोणास वाटत नाहीं. आम्हांसही वाटत नसे. परंतु स्कॉटलंडांतील अ‍ॅलोवे या खेड्यांत एका संध्याकाळीं तो विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर आला.

अ‍ॅलोवे आज आयर शहराला लागून आहे. कवि रॉबर्ट बर्न्स येथें १७५९ सालीं जन्मला. त्याच्या पित्यानें स्वहस्तें बांधलेलें मातीच्या भिंतींचें तें घर अद्याप उभें आहे. डून नदीवरचा एका कमानीचा जुना पूल व छप्पर नाहींसें झालेलें जुनें चर्च हींही जवळच आहेत. घराचीं आणि पुलाचीं छायाचित्रें घेतांना आमचें मन निःशंक होतें. चर्चच्या आवारांत मात्र हात अडखळला. कवीचे वडील विल्यम हे १७८४ सालीं वारले, त्यांचें थडगें तेथेंच आहे. त्यावर आज दिसते ती शिळा मूळची नव्हे. मूळची शिळा कवीच्या भक्तांनीं आठवण म्हणून तुकडे तोडून तोडून नेली. प्रेमानेंच नेली, यांत संशय नाहीं. पण शिळा गेली ती गेलीच.

यावर कोणी म्हणेल कीं, मग कॅमेऱ्यासारखी निरुपद्रवी वस्तु दुसरी नाहीं. तो दगडाचा कणही हलवीत नाहीं. शिवाय या स्थळाचें चित्र निघावें ही खुद्द बर्न्सचीच इच्छा होती. फ्रान्सिस ग्रोस हा गृहस्थ स्कॉटलंडच्या प्राचीन वास्तूंवर सचित्र ग्रंथ रचीत होता. आपला पिता जेथें पुरला आहे त्या चर्चचें चित्र ग्रंथांत घ्यावें, अशी बर्न्सनें त्यास विनंती केली. चित्राबरोबर छापण्यास चेटकिणींची एखादी कथा दिलीस तर घेतों, असें ग्रोसनें सांगितलें. आणि ‘टॅम ओ शँटर’ हें काव्य १७९१ सालीं त्या ग्रंथांत छापलें गेलें. तेव्हां थडग्यांचें चित्र घेणें हेंच मुळीं पाप, असें म्हणतां येणार नाहीं.

हें सर्व आम्हांस मान्य आहे. तरीही एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. एका झिजलेल्या शिळेवरचीं अक्षरें वाचण्यासाठीं आम्ही उतरत्या उन्हाची वाट पाहत होतों. ऊन तिरपें पडलें म्हणजे पुसट अक्षरांना सांवली धरते व तीं उठून दिसतात. उतावळे लोक खडू घासतात, शेवाळ खरवडतात, आणि दगडाचा पापुद्रा जातो. इतक्यांत एक वृद्ध बाई आल्या व पलीकडच्या शिळेपुढें मान लववून उभ्या राहिल्या. पडकी भिंत, पिवळें ऊन आणि ती वांकलेली आकृति! आम्हीं कळ दाबली. त्यांना कळलेंही नाहीं. त्या दिवसाचें सर्वांत सुंदर छायाचित्र तेंच. आणि तेंच कोणास दाखवावयास आमचें मन धजेना.

असें कां व्हावें? दगड शाबूत होता, बाईंचें कांहीं गेलें नव्हतें. काळ लोटला म्हणजे दुःख सर्वांचें होतें, हें उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. नुसत्या काळानें कोणास हक्क मिळत नसतो. खरा भेद निराळा आहे. जो शिळेवर नांव कोरवितो, तो तें अनोळखी वाटसरूनें वाचावें म्हणूनच कोरवितो. जुन्या स्कॉटिश शिळांवरची कवटी आणि वाळूचें घड्याळ हींही वाटसरूलाच उद्देशून आहेत: तुझीही वेळ येणार आहे. तेथें पाहणारा आमंत्रित असतो. त्या बाईंचें दुःख आम्हांस उद्देशून नव्हतें. दुष्काळाचें वा युद्धाचें चित्र घेणाराही परक्याचें दुःख टिपतो. पण त्या दुःखिताच्या वतीनें तो जगाला हांक मारीत असेल, तर त्याचें कृत्य क्षम्य ठरतें. आम्हांस केवळ सुंदर चित्र हवें होतें.

आमच्याकडे दहनानंतर सामान्य मनुष्याच्या नांवाची शिळा सहसा उरत नाहीं. म्हणूनच कदाचित् परदेशचीं थडगीं आम्हांस देखाव्यासारखीं वाटतात. पण देखावा म्हणून पाहणारा आमंत्रण घेतो आणि निरोप न वाचतांच परततो.

तें छायाचित्र आम्हीं पुसून टाकलें. घेतलेलें त्यानें परत गेलें असें मात्र आम्ही मानीत नाहीं. त्या झिजलेल्या शिळेचें छायाचित्र आम्हीं ठेवलें आहे. ऊन मावळण्यापूर्वीं तिजवरचें नांव आम्हीं एकदां मोठ्यानें वाचलें होतें.