लाभ कुणाला, खर्च कुणाचा?

शहापूर तालुक्याचा नकाशा पाहिला तर निळा रंग डोळ्यांत भरतो. तानसा 1892 चे, मोडकसागर पन्नाशीच्या दशकातले, भातसा 1983 चे. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातशाचे. आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातले गावपाडे टँकरची वाट पाहत बसतात. याला अन्याय म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांला वाटते, जरा हिशेबाची वही उघडून पाहावी. कारण हिशेब बिनचूक करूनही हा अन्याय झाला असता.

अभियंता धरण सुचवतो तेव्हा लाभ-खर्चाचे गुणोत्तर काढले जाते. सिंचन प्रकल्पासाठी आपल्याकडे ते दीड असावे, दुष्काळी भागात सवलतीने एक, असा दंडक राहिला. अमेरिकेच्या 1936 च्या पूरनियंत्रण कायद्याने या रीतीला सरकारी मान मिळाला. लाभ कुणालाही होवो, तो खर्चाहून अधिक असला म्हणजे पुरे, असे त्याचे सूत्र. सगळी गोम त्या ‘कुणालाही’मध्ये आहे. 1939 मध्ये कॅल्डॉर आणि हिक्स या अर्थशास्त्रज्ञांनी त्याला तात्त्विक आधार दिला: ज्यांना फायदा झाला ते तोटा झालेल्यांची भरपाई करूनही नफ्यात राहू शकत असतील, तर निर्णय योग्य. भरपाई प्रत्यक्ष दिलीच पाहिजे असे मात्र नाही! ‘देऊ शकतील’ आणि ‘देतील’ यांच्या मधल्या जागेत शहापूरचे पाडे वसले आहेत.

वहीत आणखी एक कलम असते, वटावाच्या दराचे. 10 टक्के दराने तीस वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत पावणेसहा रुपयेही भरत नाही. (व्याजाचा वास आला की आपल्यापैकी अनेकांचे कान टवकारतात, पण इथे प्रश्न कर्जाचा नाही.) पैशाला असा दर लावणे समजू शकते. पण एखाद्या मुलीची तीस वर्षांनंतरची तहान आजच्या तहानेच्या सतराव्या हिश्श्याहून कमी धरायची, हे कोणत्या नीतीत बसते? आपल्या फिकहमध्ये माणसाच्या आणि जनावराच्या तहानेचा हक्क शेताच्या पाण्याआधी येतो. तिथे तहानेला वटाव नाही.

मुरबाडचे काळू धरण महानगर प्रदेशातील शहरांसाठी योजलेले. वनखात्याची मंजुरी नसताना 2011 मध्ये काम सुरू झाले, 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवले. सुमारे 1,000 हेक्टर वनजमीन त्यात जाणार. ठाकूर-कातकऱ्यांनी घरापुरते आणलेले सरपण, मध, रानभाजी बाजारात जात नाही, म्हणून वहीत तिला भाव सापडत नाही. ‘इतका पैसा गेला, आता पुरे करा’ हा युक्तिवाद तर अर्थशास्त्रालाही मान्य नाही. गेलेला पैसा धरण झाले तरी गेलेला, न झाले तरी गेलेलाच.

बारवीचा अनुभव वेगळा आहे. उंची वाढवूनही पुनर्वसनाअभावी तिथे कित्येक वर्षे पूर्ण साठा करता आला नाही. लोक जागेवरून हलले नाहीत. अखेर बाधित कुटुंबातील एकाला नोकरी देण्याचे ठरले, आणि 2019 मध्ये पाणी वाढीव पातळीपर्यंत चढले. म्हणजे भरपाईचा पैसा होता. तो खर्चाच्या रकान्यात आणायला लोकांना बुडिताच्या कडेला बसावे लागले. काळूची फाईल पुन्हा उघडेल तेव्हा मुरबाडच्या पाड्यांच्या नळाचा आकडा पहिल्या पानावर असावा, आणि तो शहराच्या पाणीपट्टीतून वसूल व्हावा, एवढी मागणी आपण आताच नोंदवून ठेवली पाहिजे.