माळ आणि मळी

प्रागच्या 'उ फ्लेकू'मध्ये १४९९पासून बिअर बनते. गडद बिअरचा मग समोर आला तेव्हा मित्र म्हणाला, "इथं ब्रेवनोव्हच्या मठाच्या आवारातसुद्धा बिअर बनते." मला इंदापूरचे तात्या आठवले.

तात्या, म्हणजे माझे आजोबा, माळकरी. तुकोबांची पालखी बारामती, सणसर करत इंदापूरला यायची, तेव्हा पाण्याची घागर घेऊन रस्त्यावर उभे राहायचे. दारूला कधी शिवले नाहीत. पण रानात ऊस. ऊस कारखान्याला जातो, साखर निघाल्यावर मळी उरते. ती आंबवून ऊर्ध्वपातन केलं की अल्कोहोल. त्यातलं काही पेट्रोलमध्ये मिसळतं, काही देशी दारूच्या बाटलीत जातं.

मग तात्यांची माळ खोटी होती का?

एकदा विचारलंच. म्हणाले, "आरं, मी ऊस लावला, बाटली न्हाई भरली."

खरं आहे, पण पुरतं नाही. कारखान्याला मळीचेही पैसे मिळतात, आणि आमच्या उसाच्या बिलातूनच माझी फी भरली गेली. आमच्याच आळीत एकीचा संसार दारूनं मोडला होता. आजी तिला गुपचूप पीठ नेऊन द्यायची.

साखळी लांबली की दोष पातळ होतो, संपत नाही. फ्लेकूवाल्याला पिणारा समोर दिसतो. आपल्याला दिसत नाही, आणि तेच सोयीचं पडतं. तात्यांची माळ मी खोटी म्हणणार नाही. पण तिचं उरलेलं काम आजी करत होती.